खेळातून फुललेले बालपण



शाळेच्या पहिल्या दिवशी आईचा पदर न सोडणारे मूल आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्या ‘केजी’च्या दारात ते रडत उभे असते, त्या केजीचा म्हणजे किंडरगार्टनचा जनक स्वतः असेच एक घाबरट, एकलकोंडे मूल होता. त्याचे नाव फ्रेडरिक फ्रोबेल.

२१ एप्रिल १७८२ रोजी जर्मनीतील ओबरवाइसबाख या डोंगराळ गावी त्याचा जन्म झाला. तो वर्षाचाही झाला नव्हता तोच आई देवाघरी गेली. वडील लुथरन पंथाचे पाळक. गावोगावच्या भाविकांची काळजी वाहताना घरच्या लेकराकडे पाहायला त्यांना वेळ उरत नसे. सावत्र आईने आधी माया लावली. पण स्वतःचे मूल होताच ती दुरावली. त्याला ‘तू’ म्हणायचे सोडून ती परक्यासारखे ‘तो’ म्हणून बोलू लागली. कुंपणाआडच्या बागेतली फुलेझाडे हेच त्याचे सोबती. घरात तो हट्टी आणि मंद ठरला.

१७९२ साली त्याच्या मामाने त्याला श्टाटइल्म या गावी नेले. तेथे प्रथमच त्याला बरोबरीची मुले भेटली. सुरुवातीला त्याला धावता येईना, खेळता येईना, सवयच नव्हती. पण मामाने त्याच्यावर विश्वास टाकला, मोकळे सोडले. हळूहळू अंगात बळ आले आणि मनातली भीती गेली. हे दिवस तो कधीच विसरला नाही.

पुढे तो शिक्षक झाला. स्वित्झर्लंडमध्ये थोर शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉझी यांच्याजवळ राहून शिकला. १८१७ मध्ये त्याने काइलहाऊ येथे शाळा चालवली. मात्र शाळेत येण्याआधीची वर्षेच सर्वांत मोलाची, हे त्याला पटले होते. म्हणून १८३७ मध्ये त्याने बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहानग्यांसाठी काम सुरू केले आणि १८४० मध्ये त्याला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी ठोकळे, गाणी, बागकाम आणि हातात हात धरून गोलात खेळायचे खेळ हाच तेथला अभ्यास. गोलात पुढचा-मागचा कोणी नसतो. बुजऱ्या मुलालाही दोन्ही बाजूंनी हात मिळतो.

साठी उलटल्यावरही तो खेड्यातल्या पोरांबरोबर फेर धरी. लोक त्याला वेडा म्हातारा म्हणून हसत. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. त्याच्या पुतण्याच्या विचारांचा ठपका त्याच्यावर आला. हे दुःख उरात घेऊनच २१ जून १८५२ रोजी त्याने देह ठेवला. बंदी उठली ती १८६० साली. तोवर त्याने शिकवलेल्या स्त्रियांनी त्याचे काम दूरदेशी पोहोचवले होते.

पालकांनो, आपले मूल चारचौघांत बुजते म्हणून त्याला सर्वांसमोर ‘लाजाळू’ म्हणू नका, पुढे ढकलूही नका. सुरुवातीला शेजारच्या एकदोन मुलांबरोबर खेळू द्या. आपण जवळ बसा, त्याला नुसते पाहायचे असेल तर पाहू द्या. एक दिवस ते आपणहून आपला हात सोडील आणि दुसऱ्या मुलाचा धरील. फ्रोबेलला त्यासाठी दहा वर्षे वाट पाहावी लागली. आपल्या लेकराला तेवढी पाहायला लावू नका.