तागाचा पीळ

जगदीशचंद्र बोस म्हटलं की आपल्याला आठवतात ती त्यांची झाडं. मला मात्र त्यांचा तागाचा प्रयोग फार आवडतो.

१८५८ साली पूर्व बंगालात जन्मलेले बोस इंग्लंडहून शिकून आले आणि १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा पगार कमी, म्हणून त्यांनी तीन वर्षं पगारच घेतला नाही! १८८७ मध्ये अबलादेवींशी लग्न झालं, तेही याच बिनपगारी दिवसांत. शेवटी कॉलेजनं मागच्या बाकीसह पूर्ण पगार दिला.

१८९८ मध्ये त्यांनी तागाच्या जुड्या पिळून त्यांतून विद्युतचुंबकीय लहरी सोडल्या. उजव्या पायाची चप्पल डाव्या पायात बसत नाही ना, तसाच उजवा पीळ वेगळा, डावा वेगळा. एका पिळानं लहरींच्या कंपनाची दिशा एकीकडे वळली, दुसऱ्यानं उलटीकडे. साखरेच्या पाण्यातून जाताना प्रकाशाचंही असंच होतं, कारण साखरेच्या रेणूची घडणही अशीच एकहाती असते. डोळ्यांना न दिसणाऱ्या रेणूचं काम बोसांनी साध्या तागाकडून करून घेतलं! आज शास्त्रज्ञ धातूची चिमुकली मळसूत्रं बसवून लहरी वळवणारे पदार्थ घडवतात, त्या वाटेवरचं हे पहिलं पाऊल.

१९३७ मध्ये बोस गेले. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं आपण हट्टी माणसाला हिणवून म्हणतो. पण हक्काच्या पगारासाठी धरलेला असा पीळ आपल्या लेकींमध्येही असावा, असं मला मनापासून वाटतं.