आज्ञेची वाट

परमहंस परिव्राजकाचार्य श्रीमद् वासुदेवानंद सरस्वती (टेंबे) स्वामी महाराजांचा जन्म सन १८५४ मध्ये सावंतवाडीजवळील माणगाव येथे झाला. तेथे सन १८८३ मध्ये त्यांनी दत्तमंदिर उभारले. परंतु काही वर्षांनी श्रीदत्तप्रभूंची आज्ञा होताच ते स्थान सोडून ते सपत्नीक निघाले. पुढे काय, हे ठाऊक नव्हते. सन १८९१ मध्ये गोदातीरी गंगाखेड येथे पत्नी अन्नपूर्णाबाई निवर्तल्या. त्या वियोगातही प्रभूंचाच संकेत मानून त्यांनी थोड्याच दिवसांत संन्यास घेतला. उज्जयिनीस दंडग्रहण करून पुढे हिमालयापासून दक्षिणेपर्यंत ते पायीच हिंडले. कोठे जावे, कोठे राहावे, हे त्यांनी प्रभूंवरच सोपविले होते. सन १९१४ मध्ये नर्मदातीरी गरुडेश्वर येथे ते समाधिस्थ झाले. पुढील पाऊल दिसेनासे होते, तेव्हा भक्तजनांनी या पुण्यचरित्राचे स्मरण करावे.