इतिहासाचार्यांचा विक्षिप्तपणा

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव निघाले की दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. मराठ्यांच्या इतिहासाची साधने त्यांनी बावीस खंडांत प्रसिद्ध केली, ही पहिली. आणि हा मनुष्य फार विक्षिप्त होता, ही दुसरी. पहिल्या गोष्टीची अधिक चौकशी करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. दुसरीच्या कथा मात्र रंगवून रंगवून सांगण्यात येतात. खानदेशात तर हे विशेषच घडते. राजवाड्यांचा अखेरचा काळ धुळ्यास गेला, ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे देहावसान झाले तेही धुळ्यासच, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळही त्याच गावी उभे आहे. त्यांच्या मृत्यूस शंभर वर्षे होत आली असताना या विक्षिप्त विशेषणाची एकदा फेरतपासणी व्हावयास हवी. तिचे कारण राजवाड्यांपेक्षा आज आपल्यामध्ये वावरणाऱ्या काही माणसांशी अधिक निगडित आहे.

राजवाड्यांचा जन्म १८६३ सालचा, कुलाबा जिल्ह्यातील वरसईचा. वडील लहानपणीच वारले. १८८२ साली ते मॅट्रिक झाले आणि बी. ए. ची पदवी त्यांच्या हाती पडली ती १८९१ साली. म्हणजे मध्ये नऊ वर्षे गेली! बुद्धी कमी पडली म्हणून हा विलंब झाला, असे म्हणण्याचे धाडस कोणीही करणार नाही. पुढे स्वतःच्या शिक्षणाविषयी त्यांनी एक प्रदीर्घ निबंध लिहिला. कनिष्ठ, मध्यम आणि उच्च अशा तिन्ही प्रकारच्या शाळांत आपणांस काय अनुभव आले, याची त्यात त्यांनी कोणाचीही भीडमुर्वत न ठेवता झडती घेतली आहे. नेमलेली पुस्तके सोडून ते भलतीच वाचीत, वर्गातील व्याख्याने त्यांना निरर्थक वाटत, तालीम आणि पोहणे यांत त्यांचा वेळ जाई. आमच्या महाविद्यालयांत हजेरीच्या टक्केवारीचा जो हिशेब आम्ही प्राध्यापक मंडळी दर सत्रास मांडतो, त्यात असा विद्यार्थी पहिल्याच फेरीत गारद झाला असता, हे येथे नमूद करणे भाग आहे.

पदवी मिळाल्यावर त्यांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली आणि ती सोडली. पत्नी तरुणपणीच निवर्तली. त्या काळी विधुराने वर्षाच्या आत बोहल्यावर चढावे, हा जवळजवळ नियमच होता. राजवाड्यांनी पुन्हा विवाह केला नाही. विक्षिप्तपणाच्या खात्यावर पहिली नोंद बहुधा येथेच पडली असावी. १८९५ च्या सुमारास त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक चालविले. परकीय भाषांतील मोलाचे ग्रंथ मराठीत यावेत, हा त्याचा हेतू. मासिक फार काळ चालले नाही. मग वाईस पानिपतच्या काळातील पत्रव्यवहार त्यांच्या दृष्टीस पडला आणि १८९८ साली साधनांचा पहिला खंड बाहेर आला. तेथून पुढील अठ्ठावीस वर्षे या माणसाने दुसरे काही केले नाही.

दुसरे काही केले नाही, हे शब्द मी तोलून वापरीत आहे. नोकरी नाही, घर नाही, वेतन नाही, निवृत्तिवेतन नाही. गावोगावच्या वाड्यांत, देवळांत, मठांत जुन्या कागदांची दफ्तरे पडलेली असत. काही वाळवीने खाल्लेली, काही वाण्याकडे पुड्या बांधण्यास निघालेली. राजवाडे तेथे बहुधा पायी जात, स्वतःच्या हाताने स्वयंपाक करीत, आणि मालक दफ्तर दाखविण्यास तयार होईपर्यंत खेटे घालीत. घरंदाज मंडळींना धास्ती असे, की या कागदांतून आपले वतन जाईल किंवा पूर्वजांचे काही भलतेच उघडकीस येईल. त्यांची समजूत काढण्यास जे गोड बोलणे लागते ते राजवाड्यांपाशी नव्हते. होती ती चिकाटी. चारचौघांत त्यांचे जमत नसे. मतभेद झाला की त्यांचे शब्द जिव्हारी लागत. मोठ्या माणसास मोठे म्हणून मान द्यावा, हा व्यवहार त्यांच्या गळी कधीच उतरला नाही. इंग्रजी उत्तम येत असूनही लेखन मराठीतच करावयाचे, हा एकदा केलेला निश्चय त्यांनी मोडला नाही; मग त्यापायी देशभरच्या विद्वानांत नाव होण्याची संधी गेली तरी बेहत्तर. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्याचे ते एक संस्थापक. पुढे त्या मंडळींशीही त्यांचे बिनसले आणि ते धुळ्यास आले.

त्यांचे सर्वच सिद्धान्त टिकले असे नाही. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती पुढील भाषापंडितांनी निकालात काढल्या, आणि जातीविषयीची त्यांची काही मते आज वाचवत नाहीत. येथे त्यांची आरती ओवाळण्याचा उद्देश नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. एकाच विषयात वर्षानुवर्षे बुडून जाणे, ठरलेल्या दिनक्रमास आणि ठरविलेल्या नियमास घट्ट धरून राहणे, लोकव्यवहारातील अस्पष्ट संकेत न समजणे किंवा न मानणे, मनात असेल ते जसेच्या तसे बोलणे, गर्दीपेक्षा एकांत मानवणे, या गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे आजचे मानसशास्त्र ऑटिझमचा विचार करते. मराठीत त्यास स्वमग्नता म्हणतात. राजवाडे स्वमग्न होते असा निवाडा मी देत नाही. मृत माणसाची तपासणी होऊ शकत नाही, आणि आख्यायिकांवरून रोगनिदान करणे हा उथळपणा होय. परंतु उलट दिशेने विचार करण्यास हरकत नसावी. ज्या वागण्याला आपण शंभर वर्षे विक्षिप्तपणा म्हणून हसत आलो, तसे वागणारी माणसे प्रत्येक पिढीत होती आणि आजही आहेत. त्यांपैकी कित्येकांच्या बाबतीत हा स्वभावदोष नसून मेंदूची जन्मजात निराळी घडण असते, एवढे आता निश्चित झाले आहे.

या विषयाचा इतिहासही मोठा चमत्कारिक आहे. मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा या बाईंनी अशा मुलांचे बारकाईने केलेले वर्णन जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले ते १९२६ साली, म्हणजे राजवाडे गेले त्याच वर्षी. त्याकडे जगाने फारसे लक्ष दिले नाही. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी आणि १९४४ साली व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्परगर यांनी लिहिले, तेव्हा विषयाची चर्चा सुरू झाली, तीही मुलांपुरतीच. १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांच्या ग्रंथाने तर आईच्या मायेचा अभाव हे कारण सांगून असंख्य निरपराध मातांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. तो सिद्धान्त पुढे साफ खोटा ठरला. आपल्याकडे तो कोणी वाचला नसेल, पण आईला दोष देण्याकरिता आपल्याला परदेशी ग्रंथाची गरज कधी पडली आहे?

लोकांच्या मनात तीन समजुती घट्ट बसल्या आहेत. त्यांतील पहिली, हा लहान मुलांचा आजार आहे. मूल मोठे होते, त्याची मेंदूची घडण कोठे जाईल? बोलता येत नाही अशी मुले पालकांच्या ध्यानात लवकर येतात. पण जी बोलतात, शिकतात, परीक्षा उत्तीर्ण होतात, ती पुढे कारकून, शिक्षक, तंत्रज्ञ होऊन आपल्या शेजारच्या टेबलाशी बसलेली असतात आणि आपण त्यांना तिरसट, घुमा, चक्रम अशी नावे देतो. मुलींच्या बाबतीत तर घरची शिस्त इतकी कडक असते, की लाजाळू या एका शब्दाखाली सारे झाकून जाते. दिवसभर इतरांसारखे वागण्याची कसरत करून अशी व्यक्ती घरी येते तेव्हा तिच्यात चार शब्द बोलण्याचेही त्राण उरलेले नसते, हे घरच्यांनाही ठाऊक नसते.

दुसरी समजूत अशी, की या माणसांना भावना नसतात. स्वमग्न हा शब्दच या गैरसमजास खतपाणी घालतो. स्वतःत मग्न म्हणजे स्वार्थी, असा अर्थ नकळत मनात डोकावतो. राजवाडे मग्न होते ते कशात? दुसऱ्यांच्या पत्रांत, मेलेल्या माणसांच्या जमाखर्चांत, शेतकऱ्याच्या तोंडच्या क्रियापदांत, गावांच्या नावांत. त्यात स्व कोठे आला? वाळवी लागलेले दफ्तर पाहून ज्याचा जीव तुटतो, त्यास भावना नाहीत असे कसे म्हणावे? डेमियन मिल्टन या इंग्लंडमधील समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, २०१२ साली एक मुद्दा मांडला. ऑटिस्टिक माणसास इतरांचे मन कळत नाही हे जितके खरे, तितकेच इतरांना त्याचे मन कळत नाही हेही खरे. अडचण दोन्ही बाजूंची असताना दोष मात्र एकाच्याच नावावर लिहिला जातो. हे वाचताना मला राजवाड्यांचे भांडखोरपण आठवले. त्या भांडणांच्या ज्या हकीकती आपल्यापर्यंत आल्या, त्या बहुतेक प्रतिपक्षाने सांगितलेल्या आहेत.

तिसरी समजूत पहिल्या दोहोंहून गोंडस आणि म्हणूनच अधिक घातक: असा प्रत्येक मनुष्य काही तरी अलौकिक बुद्धीचा असतो. राजवाड्यांचे उदाहरण देण्यात हाच धोका आहे, याची मला जाणीव आहे. म्हणून त्यांच्या जोडीला एक अगदी साधे उदाहरण ठेवतो. कॅनर यांनी ज्या मुलांविषयी लिहिले त्यांतील पहिला डोनाल्ड ट्रिप्लेट. १९३३ साली जन्मलेला हा मुलगा अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहान गावचा. आकड्यांचे त्याला वेड होते, पण त्याने कोणताही शोध लावला नाही. गावातील बँकेत त्याने अनेक दशके कारकुनी केली, गोल्फ खेळला, एकट्याने जगभर प्रवास केला आणि २०२३ साली वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी त्याच गावात तो वारला. बँकेत त्याच्या कुटुंबाचा भाग होता, हे खरे. घरची सुबत्ता उपयोगी पडली. पण तेवढ्याने भागत नाही. सबंध गावाने त्याला आहे तसा धरून ठेवले होते.

अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून मला या दोन आयुष्यांत एकच हिशेब दिसतो. बाजाराने राजवाड्यांच्या कामाला छदामही दिला नसता. त्या कामाचा खर्च वाईच्या, पुण्याच्या, धुळ्याच्या स्नेह्यांनी उचलला: कोणी जेवणाखाणाची सोय पाहिली, कोणी छपाईचा भार घेतला, आणि सर्वांनी मिळून त्यांचा राग सोसला. हा खर्च कोणत्याही वहीत नोंदलेला नाही. आज असा भार उचलणारे वाडे उरले नाहीत. त्यांची जागा काही अंशी कायद्याने घेतली आहे. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात ऑटिझमचा समावेशच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का ज्या गटास दिला त्यात ऑटिझम आहे. मात्र त्या एका टक्क्यात बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता हेही वाटेकरी आहेत. आणि प्रमाणपत्रावाचून यातील काहीच हाती लागत नाही. जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावी चाळिशीच्या लिपिकाने, आपण असे का आहोत हे विचारावयास कोणापुढे बसावे? मुलांकरिता उशिरा का होईना सोयी होऊ लागल्या; प्रौढाला अजून प्रथम हेच पटवून द्यावे लागते, की वय वाढल्याने तो बरा झालेला नाही आणि तो आजारीही नाही. वास्तविक त्याची मागणी फार मोठी नसते. सूचना तोंडी न देता लेखी द्याव्यात, गोंगाटापासून दूरचे टेबल मिळावे, कामाची पद्धत ऐनवेळी बदलू नये, डोळ्याला डोळा भिडविला नाही म्हणून लबाड ठरवू नये. यास खजिन्यातून पैसा लागत नाही. तरीही बहुतेक कार्यालयांत ही गोष्ट मागणाऱ्यास लाडावलेला म्हणतात.

धुळ्याच्या त्या मंडळींनी राजवाड्यांकरिता जे केले, ते त्यांच्या मृत्यूनंतरही थांबले नाही. मराठी धातूंचा आणि नामादि शब्दांच्या व्युत्पत्तींचा अफाट संग्रह अर्धवट टाकून राजवाडे गेले होते. दुसरा कोणी असता तर तो ढीग माळ्यावर गेला असता. १९२७ साली त्यांच्या नावाने मंडळ स्थापन झाले, भास्कर वामन भट यांच्यासारख्या मंडळींनी त्यास वाहून घेतले, कागद जतन झाले. कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांनी ते लावून त्यांचे संपादन केले. धातुकोश छापून निघाला तो १९३७ साली. व्युत्पत्तिकोशास १९४२ उजाडले.