भिंगाचे गणित मांडणारे प्राध्यापक : एर्न्स्ट आबे

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्यापैकी जे विज्ञान शाखेत शिकतात त्यांनी प्रयोगशाळेत हे नाव वाचले असेलच. द्रवाचा वक्रीभवनांक काढण्याच्या उपकरणाला ॲबे रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात आणि सूक्ष्मदर्शकाच्या मंचाखाली प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाला ॲबे कंडेन्सर. परीक्षेपुरते नाव पाठ होते. ज्याचे ते नाव आहे तो माणूस मात्र आपल्याला ठाऊक नसतो. जर्मन उच्चाराप्रमाणे त्यांना आबे म्हणावयाचे. ते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते, पुढे संशोधक व कारखानदार झाले आणि अखेरीस त्यांनी स्वतःच्याच कारखान्यात पगारावर काम केले. हा उलटा वाटणारा प्रवास समजून घ्यायचा तर आरंभ एका सूतगिरणीपासून करावा लागेल.

एर्न्स्ट आबे यांचा जन्म २३ जानेवारी १८४० रोजी जर्मनीतील आयझेनाख या गावी झाला. वडील गिरणीत सूत काढीत. पुढे ते मुकादम झाले. कामाचे तास चौदा, आणि धंदा जोरात असला की सोळा. जेवणाची सुट्टी नाही. लहानगा एर्न्स्ट दुपारी घरून जेवणाचे भांडे घेऊन जाई. वडील यंत्राला टेकून, उभ्याउभ्याच चार घास घाईने पोटात ढकलीत, रिकामे भांडे मुलाच्या हाती देत आणि पुन्हा कामाला लागत. धिप्पाड बांध्याचा हा माणूस अठ्ठेचाळिसाव्या वर्षीच म्हातारा दिसू लागला होता. आबेंनी ही आठवण १९०१ साली एका व्याख्यानात सांगितली. तेव्हा ते जगप्रसिद्ध झाले होते, पण ते भांडे त्यांच्या हातून सुटले नव्हते असेच म्हणावे लागेल.

मुलगा हुशार आहे हे गिरणीमालकांच्याही ध्यानात आले आणि त्यांच्या मदतीने त्याचे शिक्षण झाले. पालकहो, येथे क्षणभर थांबा. वडिलांकडून सोळा तास काम करून घेणारी गिरणी आणि मुलाच्या शिक्षणाला हातभार लावणारी गिरणी एकच होती. आबेंनी त्या उपकाराचा कधी अव्हेर केला नाही. पण मेहेरबानी ही देणाऱ्याच्या मर्जीवर चालते, हे त्यांना फार लवकर कळले असावे. त्यांनी पुढे जे केले त्याची किल्ली मला येथेच दिसते.

१८५७ मध्ये शालेय शिक्षण संपवून आबे येना विद्यापीठात दाखल झाले व तेथून ग्योटिंगेनला गेले. शिष्यवृत्ती आणि शिकवण्या यांवर खर्च भागे. ग्योटिंगेनला वेबर आणि रीमान यांच्यासारखे गुरू लाभले आणि १८६१ साली, एकविसाव्या वर्षी, त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १८६३ पासून ते येनाच्या विद्यापीठात शिकवू लागले आणि १८७० मध्ये प्राध्यापक झाले. येथपर्यंतची कथा एखाद्या गुणी विद्यार्थ्याची असते तशीच आहे.

तिला वळण मिळाले ते १८६६ साली. येनामध्ये कार्ल झाइस नावाचे एक कसबी यंत्रकार होते. १८४६ पासून त्यांचा कारखाना चालू होता आणि त्यांचे सूक्ष्मदर्शक चांगले गणले जात. पण त्या काळी सूक्ष्मदर्शक बनवण्याची रीत कशी होती? कारागीर भिंगे घासायचा, एकापुढे एक बसवून पाहायचा, जमले नाही तर दुसरी घ्यायचा. जमेपर्यंत हेच चाले. चांगले भिंग साधले तरी ते का साधले हे कुणालाच सांगता येत नसे. झाइस यांना ही अंदाजपंची खटकत होती. पूल बांधण्यापूर्वी हिशेब होतो, मग भिंगाचा का होऊ नये? स्वतःला गणित येत नाही हे ओळखून पन्नाशीचा हा कारखानदार सव्वीस वर्षांच्या तरुण शिक्षकाकडे गेला.

आबेंनी हिशेब केला. त्याबरहुकूम भिंगे घासली गेली, आणि ती जुन्या अंदाजाच्या भिंगांपेक्षा वाईट निघाली! किरण अचूक एकत्र यावेत म्हणून आबेंनी भिंगाचे तोंड अरुंद ठेवले होते. चित्र रेखीव यायला हवे होते. उलट बारीक तपशीलच नाहीसे झाले. दुसरा कोणी असता तर कारागिरांना दोष देऊन मोकळा झाला असता. आबेंनी मात्र कारण शोधले. प्रकाश ही लहर आहे. वस्तूवरील बारीक रेघांवरून जाताना ती पसरते, आणि रेघा जितक्या जवळ तितकी ती अधिक पसरते. हे पसरलेले किरण भिंगाच्या तोंडात शिरलेच नाहीत, तर त्या रेघा चित्रात उमटणार तरी कशा? म्हणजे भिंगाचे तोंड रुंद हवे. शिवाय तोंड कितीही रुंद केले तरी प्रकाशाच्या लहरीच्या सुमारे अर्ध्या लांबीहून जवळचे दोन बिंदू वेगळे दिसणार नाहीत, हेही ओघाने आले. ही मर्यादा मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाइतकी आहे. १८७३ मध्ये आबेंनी हा सिद्धांत प्रसिद्ध केला. ही मर्यादा चुकवण्याच्या युक्त्या सापडायला शंभरांहून अधिक वर्षे गेली आणि त्यांबद्दल २०१४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

१८७२ पासून झाइस यांच्या कारखान्यातील भिंगे हिशेबाने बनू लागली. कंडेन्सर आला. भिंग आणि काचपट्टी यांच्यामध्ये काचेइतकाच वक्रीभवनांक असलेले तेल घातले तर किरण हवेत वाकून वाया जात नाहीत, ही सूचना इंग्लंडमधील स्टीफन्सन यांची. आबेंनी १८७८ मध्ये त्यावर आधारलेले भिंग तयार केले. हेच भिंग आणि कंडेन्सर रॉबर्ट कॉख यांच्या हाती पडले, आणि १८८२ च्या मार्चमध्ये त्यांनी क्षयाचे जंतू जगापुढे मांडले. आपल्याकडे थुंकीची तपासणी करताना तंत्रज्ञ स्लाइडवर तेलाचा थेंब टाकतो, त्या थेंबामागे ही हकीकत आहे.

चांगल्या भिंगाला चांगली काच लागते आणि ती बाजारात नव्हती. ऑटो शॉट या तरुण काचरसायनज्ञाने १८७९ मध्ये आपल्या नव्या काचेचा नमुना आबेंकडे पाठवला. आबेंनी त्याची पारख केली, पुढे त्यांना येनाला बोलावून घेतले आणि १८८४ मध्ये झाइस पितापुत्र, शॉट व आबे यांनी मिळून काच कारखाना काढला.

आबे १८७६ पासून झाइस यांचे भागीदार होते. बर्लिनच्या विद्यापीठाची जागाही त्यांना देऊ केली गेली होती. ती त्यांनी नाकारली. पैसा भरपूर येऊ लागला. तरीही सूक्ष्मदर्शकातील सुधारणांवर त्यांनी पेटंट घेतले नाही, कारण ते साधन विज्ञानाच्या कामाचे. त्याची वाट अडवणे त्यांना मान्य नव्हते. दुर्बिणीची गोष्ट वेगळी, तिचे पेटंट कंपनीने घेतले. व्यवहार त्यांना कळत होता!

१८८८ मध्ये कार्ल झाइस वारले. पुढल्याच वर्षी आबेंनी एक न्यास स्थापन केला, त्याला स्वतःचे नव्हे तर झाइस यांचे नाव दिले, आणि १८९१ मध्ये कारखान्यातील आपली सारी मालकी त्या न्यासाच्या नावे करून टाकली. झाइस यांचे चिरंजीव मोबदला घेऊन बाजूला झाले. आबे राहिले, पण पगारदार संचालक म्हणून. ज्ञान विद्यापीठातून आले, घाम कामगारांचा पडला, मग फळ एकट्याचे कसे, असा त्यांचा सरळ विचार होता.

आता तो गिरणीतला मुलगा आठवा. १८९६ च्या घटनापत्रात आबेंनी कामगारांना दानधर्म देऊ केला नाही. हक्क लिहून दिले. निवृत्तिवेतन, पगारी रजा, नफ्यात वाटा, आणि दोष नसताना काढून टाकल्यास भरपाई. यांपैकी कशासाठीही कुणाच्या दारी उभे राहायचे कारण नव्हते. माणूस घेताना त्याचा वंश, धर्म वा राजकीय पक्ष पाहायचा नाही असाही नियम होता. वरिष्ठांत वरिष्ठ अधिकाऱ्याचा पगार अनुभवी कामगाराच्या सरासरी उत्पन्नाच्या दहापटीहून जास्त असायचा नाही, अगदी आबेंचासुद्धा.

१ एप्रिल १९०० रोजी कामगारांचे मत विचारून नऊ तासांचा दिवस आठ तासांचा केला. लोक म्हणाले, धंदा बुडेल. आबे पदार्थविज्ञानाचे माणूस. त्यांनी येथेही मोजमाप केले. उत्पादन पूर्वीइतके राहायला तासागणिक साडेबारा टक्के जास्त काम व्हायला हवे होते. प्रत्यक्षात सुमारे सोळा टक्के जास्त झाले. थकलेला माणूस यंत्राजवळ उभा असतो, काम करीत नसतो. वडिलांचे सोळा तास त्यांनी असे आकड्यांत मांडून खोटे ठरवले.

न्यासाच्या पैशातून येना विद्यापीठाचे संशोधन उभे राहिले. गावात मोफत वाचनालय निघाले, आणि तेथे सर्व पक्षांची वृत्तपत्रे ठेवली जात. तब्येत ढासळल्याने आबे १९०३ मध्ये कामावरून निवृत्त झाले आणि १४ जानेवारी १९०५ रोजी येना येथेच वारले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीबरोबर कारखानाही दुभंगला. येनाचा भाग पूर्व जर्मनीच्या सरकारने ताब्यात घेतला, दुसरा पश्चिमेत नव्याने उभा राहिला, आणि १९९० नंतर दोन्ही पुन्हा एकत्र आले. झाइस आणि शॉट या दोन्ही कंपन्या आज त्याच न्यासाच्या मालकीच्या आहेत आणि त्यांच्या लाभांशातून विज्ञानाच्या शिक्षणाला व संशोधनाला पैसा दिला जातो.