लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि ताकदीचा हिशेब

गेल्या महिन्यात रात्री आठच्या सुमाराला कृष्णाकाठच्या एका गावातून एकोणीस वर्षांचा मुलगा आमच्या अपघात विभागात आला. उजव्या हाताला गुंडाळलेला टॉवेल रक्तानं भिजलेला. जनावरांसाठी कडबा कापताना कुट्टी यंत्रात त्याची दोन बोटं गेली होती. सोबत आलेले वडील एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. पोरानं मोटारीचं बटण आधी बंद केलं होतं आणि मगच अडकलेली वैरण काढायला हात घातला होता. तरीही यंत्रानं हात ओढला कसा, हे त्यांना कळत नव्हतं.

बटण बंद केल्यावर यंत्राकडे येणारी वीज थांबली. पण चाकात आधीच साठलेली ऊर्जा काही नाहीशी झाली नव्हती. शाळेत नववी-दहावीला आपण ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम पाठ करतो. ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्ट करता येत नाही, तिचं फक्त रूप बदलतं. गुण मिळवून आपण तो विसरतो, यंत्र मात्र विसरत नाही.

कुट्टी यंत्र आपल्याकडच्या गोठ्यांत रुजवणाऱ्यांपैकी एक मोठं नाव म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. त्यांच्याकडे सहसा मोठे उद्योजक म्हणूनच पाहिलं जातं. मला ते माणसाच्या आणि बैलाच्या ताकदीचा हिशेब मांडणारे गृहस्थ वाटतात.

त्यांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या अभ्यासात मन रमेना, आवड दोनच गोष्टींची, चित्रं काढण्याची आणि वस्तू उघडून जोडण्याची. वडिलांचा विरोध होता, पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. तिथं दोनेक वर्षांनी लक्षात आलं, की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. अंशतः रंगांधळेपणा.

इथं डॉक्टर म्हणून थोडं थांबतो. डोळ्याच्या पडद्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यातल्या एका प्रकारात जन्मतः उणीव असली की काही रंगांतला फरक कळत नाही. बहुतेकदा हा दोष आईकडून मुलाकडे एक्स गुणसूत्रातून येतो, म्हणून तो पुरुषांत जास्त आढळतो. नजर तीक्ष्ण असते, त्यामुळे माणसाला स्वतःलाच ते वर्षानुवर्षं कळत नाही. आजही नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा वाचता न आल्यावर हादरलेली तरुण मुलं मी पाहतो. आठवी-नववीतच ही पाच मिनिटांची तपासणी झाली तर पुढचा मोठा धक्का टळेल.

लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा सोडल्या नाहीत. ते यंत्रांची रेखाटनं शिकले आणि पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तो विषय शिकवू लागले. 1888 साली दोघा भावांनी बेळगावात सायकलींचं दुकान सुरू केलं होतं. मुंबईच्या नोकरीत बढती डावलली गेली, तेव्हा राजीनामा देऊन ते बेळगावला आले. सायकली विकून पोट भरत होतं, पण डोक्यात शेतीची अवजारं होती. त्यांनी कडबा कापण्याची यंत्रं करायला घेतली.

अख्खा कडबा टाकला तर जनावर पानं ओरबाडतं आणि ताट तुडवतं. तुकडे करून दिला तर बराचसा पोटात जातो, चावण्याचे कष्टही कमी. म्हणजे शेतात पिकलेली ऊर्जा शेणकुडाच्या ढिगात न जाता बैलाच्या अंगाला लागते. यंत्राचं जड चाक हेही याच हिशेबातलं. हातानं दांडा फिरवणाऱ्याचा जोर सारखा नसतो; वर जाताना कमी, खाली येताना जास्त. पातं मात्र ताटाला भिडतं त्या क्षणी भरपूर जोर मागतं. चाक हा जोर साठवून ठेवतं आणि कापण्याच्या क्षणी मोकळा करतं. समजा, चाकाच्या कडेचं वजन 40 किलो, केंद्रापासून तिचं अंतर 60 सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला 60 फेरे. हिशेब केला तर त्यात सुमारे 280 जूल गतिज ऊर्जा असते. जवळपास 30 किलोचं पोतं एक मीटर उंचीवरून पडावं, इतकी. मोटार लावून वेग दुप्पट केला की ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. त्या मुलाच्या बोटांवर आलं ते हे. यात यंत्र बनवणाऱ्याला किंवा मुलाला बोल लावण्यात अर्थ नाही. चाक पूर्ण थांबलेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि अडकण लावल्याशिवाय हात आत घालायचा नाही, एवढंच घराघरांत सांगायला हवं.

आणखी एक, कारण हे दर वेळी चुकतं. तुटलेलं बोट वडिलांनी थेट बर्फात टाकून आणलं होतं. तसं केल्यानं पेशी गोठून मरतात. बोट स्वच्छ पाण्यानं धुवावं, ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावं, पिशवीचं तोंड घट्ट बांधावं आणि मग ती पिशवी बर्फात ठेवावी. जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात उंच धरावा, हळद किंवा चहापूड भरू नये, आणि बोटं जोडण्याची सोय आहे अशा रुग्णालयात लगेच निघावं. असं थंड ठेवलेलं बोट काही तास टिकतं.

कुट्टीनंतर लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर हाती घेतला, आणि इथं त्यांची खरी परीक्षा झाली. लोखंड लागलं की जमिनीला विष बाधतं, असा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. शेतकऱ्यांना अडाणी ठरवून मोकळं व्हायला मी तयार नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार दुरुस्त करत होता, आणि एका हंगामाची चूक म्हणजे वर्षभराची उपासमार होती. अशा वेळी शंका घेणं शहाणपणाचंच.

पण हिशेब लोखंडी नांगराच्या बाजूनं होता. एक एकर म्हणजे सुमारे 4,047 चौरस मीटर. नांगराचं तास 15 सेंटिमीटर रुंद धरलं, तर एकरभर एकदा नांगरायला बैलजोडीला आणि तिच्यामागं माणसाला जवळजवळ 27 किलोमीटर चालावं लागतं. साताऱ्याहून कराडच्या निम्म्या वाटेहून जास्त, तेही ढेकळांतून. बल गुणिले अंतर म्हणजे कार्य. ओढ 70 किलो वजनाइतकी धरली, तर हे कार्य 185 लाख जुलांच्या आसपास जातं. शिवाय बैलाच्या स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेतला साधारण पाव हिस्साच ओढण्याच्या कामी येतो, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे दावणीला चौपट ऊर्जा पुरवावी लागते. लाकडी नांगर माती नुसती चिरतो, उलटवत नाही, म्हणून उभी-आडवी नांगरट पुन्हा पुन्हा करावी लागे. लोखंडी नांगराला एका फेरीत ओढ जास्त लागते, पण तो खोल जातो, माती पालथी करतो, कुंदा-हरळीची मुळं वर काढतो. फेऱ्या वाचतात. त्यानं बैलांना कणभरही ताकद दिली नाही, होती ती वाया जाऊ दिली नाही.

हा नियम मांडणाऱ्या पहिल्या काहींपैकी एक जण आमच्या पेशातला होता. रॉबर्ट मायर हा जर्मन डॉक्टर 1840 साली डच जहाजावर जावा बेटाला गेला. खलाशांच्या शिरेतलं रक्त तिथं त्याला नेहमीपेक्षा जास्त लाल दिसलं. उष्ण हवेत शरीराला ऊब राखायला कमी इंधन जाळावं लागतं, म्हणून प्राणवायू उरतो, असा तर्क त्यानं केला. तिथून अन्न, उष्णता आणि श्रम एकाच हिशेबात बसतात या विचारापर्यंत तो पोचला. त्याच्याही मालाला बरीच वर्षं गिऱ्हाईक नव्हतं.

पुढे बेळगावात नगरपालिकेच्या निर्णयामुळे लक्ष्मणरावांना कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे करणारे, स्वतः नेमानं घालणारे हे राजे शरीराच्या ताकदीचे जाणकारच. औंध सातारा जिल्ह्यात, पण संस्थानचे तुकडे दूरदूर विखुरलेले. त्यातल्याच एका तुकड्यात, कुंडल रोड स्टेशनजवळ, त्यांनी 32 एकर माळ दिला. नुसता निवडुंग आणि साप. 10 मार्च 1910 ला तिथं किर्लोस्करवाडी सुरू झाली. तुरुंगातून सुटून आलेल्यांना राखणीचं काम दिलं गेलं, वसाहतीत शिवाशीव पाळायची नाही असं ठरलं. आज तो भाग सांगली जिल्ह्यात आहे आणि स्टेशनलाही वाडीचंच नाव आहे.

चरक झाले, शेंगा फोडण्याची यंत्रं झाली, आणि 1920 च्या दशकात पंप आले. मोटेनं पाणी काढताना धावेवरून उतरणारे आणि पुन्हा उलटे चढणारे बैल ज्यांनी पाहिलेत, त्यांना पंपाचं मोल सांगायला नको. दहा मीटर खोल विहिरीतून एकराला पाच सेंटिमीटर पाणी द्यायचं तर दोन लाख लिटर उचलावं लागतं. कार्य सुमारे दोनशे लाख जूल, म्हणजे नांगरटीपेक्षा थोडं जास्तच. सगळा तोटा बाजूला ठेवला तरी बैलजोडीचे नऊ तास, आणि विजेच्या भाषेत साडेपाच युनिट. पंपातल्या आणि नळीतल्या घर्षणामुळे प्रत्यक्षात याच्या दुपटीच्या आसपास वीज लागते. पंप आधी डिझेलच्या इंजिनांवर चालले, नंतर विजेवर.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले. कोयनेची वीज त्यांच्या पश्चात आली. तिथं पाटण तालुक्यात अडवलेलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली कोकणाकडे उडी घेतं, त्या उडीची वीज होते आणि तारांवरून येऊन ती पलूस-तासगावच्या विहिरींतलं पाणी वर उचलते. सूर्यानं समुद्रातून वर नेलेलं पाणी एकीकडे खाली येतं, म्हणून दुसरीकडे वर चढतं.

त्या मुलाचं एक बोट वाचलं. टाके काढायला आला तेव्हा वडिलांनी मोबाइलवरचा फोटो दाखवला. यंत्राच्या तोंडावर पत्र्याचं लांब झाकण बसवलं होतं आणि चाकाला खिट्टी. ती तिथं बसवायला गावच्या लोहारानं चारशे रुपये घेतले म्हणाले.