मास्टर विनायक : एकेचाळीस वर्षांची शिदोरी

राखी पौर्णिमेच्या सकाळी आपल्या इंदुरातल्या जुन्या वस्तीतून फेरफटका मारावा, एखाद्या घरातून तरी 'छोटी बहन' चित्रपटातले ते राखीचे गाणे कानी पडतेच. चित्रपट १९५९ सालचा. बहीण भावाला राखी बांधते आणि हे नाते विसरू नकोस असे विनविते, एवढेच त्या गाण्यात आहे. पण इतक्या वर्षांनंतरही ते ऐकताना हातातले काम क्षणभर थांबते. आवाज लता मंगेशकरांचा. त्यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी याच शहरात झाला, हे इंदूरकर मराठी माणसास सांगावयास नकोच. पडद्यावरचा चेहरा नंदा यांचा. परंतु हा आवाज आणि हा चेहरा या दोहोंच्या मागे एकच माणूस उभा आहे, याची आठवण आता थोड्यांनाच असेल. तो माणूस म्हणजे मास्टर विनायक. ते गाणे त्यांनी ऐकले नाही. ते निघण्याच्या बारा वर्षे आधीच त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली होती. त्या वेळी त्यांचे वय एकेचाळीस होते.

१९ ऑगस्ट १९४७ हा त्यांच्या निधनाचा दिवस. देश स्वतंत्र होऊन पुरते चार दिवस झाले होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत कुंदनलाल सैगल बेचाळिसाव्या वर्षी गेले होते. पुढे १९६४ मध्ये गुरुदत्त एकोणचाळिसाव्या वर्षी, १९६९ मध्ये मधुबाला छत्तिसाव्या वर्षी आणि १९८६ मध्ये आपली स्मिता पाटील अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेली. चित्रपटसृष्टीतील ही अकाली मरणे आठवली म्हणजे आयुष्य अळवावरचे पाणी आहे, हे आजीच्या तोंडून ऐकलेले बोल खरे वाटू लागतात. अशा वेळी आपण हळहळतो ते बहुधा न झालेल्या गोष्टींसाठी. किती भूमिका राहिल्या, किती चित्रपट राहिले, असा हिशेब आपण मांडतो. मास्टर विनायकांच्या बाबतीत मला निराळा हिशेब मांडावासा वाटतो, आणि त्याचे कारण मी शेवटी सांगणार आहे.

विनायकांचा जन्म १९ जानेवारी १९०६ रोजी कोल्हापुरात झाला. आडनाव कर्नाटकी. छायाचित्रकार वासुदेव कर्नाटकी हे त्यांचे बंधू. बाबूराव पेंढारकर आणि भालजी पेंढारकर हे सावत्र भाऊ, तर व्ही. शांताराम हेही नात्याने भाऊच लागत. एका घराच्या गोतावळ्यात इतकी कर्ती माणसे जन्मास यावी, हे त्या काळच्या कोल्हापूरचे भाग्य. 'प्रभात'ची स्थापना तेथे १९२९ मध्ये झाली आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट तेथूनच बाहेर पडला. त्यात गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र होते, दुर्गाबाई खोटे तारामती होत्या आणि नारदाच्या वेषात विनायक होते. 'प्रभात' पुण्यास गेली, तेव्हा विनायक कोल्हापुरातच राहिले. कोल्हापूर सिनेटोनच्या 'विलासी ईश्वर' या १९३५ च्या चित्रपटाने ते दिग्दर्शक झाले. मामा वरेरकरांची कथा आणि शोभना समर्थ यांचे पदार्पण, असा तो योग होता.

दुसऱ्याच वर्षी त्यांनी बाबूराव पेंढारकर आणि छायाचित्रकार पांडुरंग नाईक यांच्याबरोबर 'हंस पिक्चर्स' ही संस्था काढली. येथून पुढची तीन-चार वर्षे त्यांच्या आयुष्याचा भरघोस हंगाम होय. त्यांचा मोठा गुण असा की, चित्रपटास कथा लागते व कथेस लेखक लागतो हे त्यांनी ओळखले. 'छाया'साठी त्यांनी वि. स. खांडेकरांना आणले, 'धर्मवीर', 'प्रेमवीर', 'ब्रह्मचारी' आणि 'ब्रँडीची बाटली' यांसाठी आचार्य अत्र्यांना. शिरोड्याच्या शाळेत शिकविणारे, ध्येयवादी नायकांच्या कादंबऱ्या लिहिणारे खांडेकर एकीकडे आणि कोटीवाचून दोन वाक्ये न बोलणारे अत्रे दुसरीकडे. या दोघांना एकाच संस्थेच्या छपराखाली लिहिते ठेवणे हे काही सोपे काम नव्हते. चिंतामण विनायक जोशी तर बडोद्यास होते, आपल्यासारखेच संस्थानी मुलखातले. त्यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ विनायकांनीच १९४० मध्ये 'लग्न पहावे करून'मधून पडद्यावर आणले. दामुअण्णा मालवणकरांचा चिमणराव आणि विष्णुपंत जोगांचा गुंड्याभाऊ ही जोडी लोकांनी डोक्यावर घेतली. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथल्या मराठी घरांना हा चिमणराव परका वाटण्याचे कारणच नव्हते. पगार तुटपुंजा, आब सांभाळावयाचा, घरात बहिणीच्या लग्नाची काळजी. हे सारे आपल्या ओसरीवरचेच होते.

नट म्हणून विनायक आठवतात ते १९३८ च्या 'ब्रह्मचारी'तला औदुंबर म्हणून. एका जळजळीत व्याख्यानाने भारावून जाऊन हा तरुण आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेतो, नट्यांची चित्रे फेकून देतो, जोरबैठकांचा सपाटा लावतो. आणि मग मीनाक्षीबाईंची किशोरी त्याच्यापुढे येऊन उभी राहते. पोहण्याच्या पोशाखातल्या नायिकेच्या त्या गाण्यावरून त्या काळी केवढा गहजब झाला! मला मात्र त्या चित्रपटात विनायकांचा चेहराच अधिक पाहावासा वाटतो. ढोंगावर ते तुटून पडत नाहीत. औदुंबराची फजिती होते, पण त्याचा अपमान होत नाही. आपल्याच घरातल्या एखाद्या भाबड्या भाच्याची थट्टा करावी, तशी ती थट्टा आहे. ज्याला माणसांविषयी माया आहे, त्यालाच असे हसविता येते.

यशाबरोबर ठेचाही लागल्या. चंद्रमोहनना घेऊन मोठ्या खर्चाने काढलेला 'ज्वाला' कोसळला आणि संस्था अडचणीत आली. 'हंस'ची जागा १९४० मध्ये 'नवयुग'ने घेतली. तेथेही विनायक फार काळ टिकले नाहीत. अखेर त्यांनी 'प्रफुल्ल पिक्चर्स' ही स्वतःची संस्था काढली. महायुद्धाचे दिवस होते. कच्ची फिल्म सरकारी परवान्यावाचून मिळत नसे, आणि चित्रपटाची लांबीसुद्धा सरकार ठरवीत असे. अशा चणचणीत नवा संसार मांडणाऱ्या माणसाने काटकसर करावी, आश्रितांचा भार घेऊ नये, असे कोणीही शहाणा सांगेल. विनायकांनी नेमके याच वेळी दुसऱ्याच्या घराचा भार उचलला.

ते घर मास्टर दीनानाथ मंगेशकरांचे. बळवंत संगीत मंडळीचा हा तेजस्वी गायकनट एके काळी रंगभूमीचा राजा होता. बोलपट आले, नाटकमंडळ्या ओस पडू लागल्या. दीनानाथांनी 'कृष्णार्जुन युद्ध' हा बोलपट काढून पाहिला, तो चालला नाही. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय एकेचाळीस. मागे पत्नी आणि पाच मुले. थोरली लता, तिला तेरावे सरले नव्हते. धाकटा हृदयनाथ पाच वर्षांचाही नव्हता.

विनायक दीनानाथांचे स्नेही होते. स्नेही पुष्कळ असतात. तेरा दिवस येतात, डोळे पुसतात, काही लागले तर सांगा म्हणतात आणि जातात. ते खोटे बोलतात असे नाही. परंतु ज्याच्यावर वेळ आली आहे, त्याला ते सांगवत नाही, एवढेच. विनायकांनी सांगण्याची वाट पाहिली नाही. 'नवयुग'च्या 'पहिली मंगळागौर'मध्ये लताला काम मिळाले, आणि पुढे 'प्रफुल्ल' निघाल्यावर ती त्या संस्थेत दरमहा पगारावर राहिली. 'माझे बाळ', 'चिमुकला संसार', 'गजाभाऊ', 'बडी माँ', 'जीवनयात्रा', 'सुभद्रा' अशा एकामागून एक चित्रपटांत तिला भूमिका मिळत गेल्या. 'माझे बाळ'मध्ये तर धाकट्या आशाचाही आवाज प्रथम चित्रपटात उमटला. लताला चेहऱ्यास रंग लावणे कधी आवडले नाही, हे पुढे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. पण त्या रंगाने घरातली चूल पेटत होती.

१९४५ मध्ये विनायकांनी संस्था मुंबईस नेली आणि लताही तेथे आली. मुंबईत अमानअली खाँ भेंडीबाजारवाले यांच्यापाशी तिची तालीम सुरू झाली. संगीतकार वसंत देसाई यांची ओळख विनायकांच्याच चित्रपटांमुळे झाली. पाहा, विनायकांनी तिला मोठी गायिका केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तो गळा दीनानाथांकडून आलेला होता, आणि त्याला वाट करून देणारे गुलाम हैदरांसारखे जाणकार पुढे भेटले. विनायकांनी दिली ती पाच वर्षे. घर विखुरले नाही, मुले उपाशी राहिली नाहीत, रियाज सुटला नाही. बीज मातीत असते तेव्हा त्याला कौतुक लागत नाही, ओलावा लागतो.

आणि मग तो ऑगस्ट आला. मुंबईत विनायक गेले. 'मंदिर' हा चित्रपट अर्ध्यावर होता. तो दिनकर द. पाटलांनी पुरा करून १९४८ मध्ये पडद्यावर आणला. त्यात लता होती, आणि विनायकांची चिमुरडी मुलगी नंदाही होती. दैवाचा खेळ असा की, एकेचाळिसाव्या वर्षी गेलेल्या मित्राच्या मुलांना ज्याने सावरले, तो स्वतः एकेचाळिसाव्या वर्षीच गेला आणि त्याची स्वतःची मुले तशीच उघड्यावर पडली. नंदा तेव्हा आठ वर्षांची होती. जी वाट लता चालून गेली होती, त्याच वाटेवर आता ती उभी राहिली. बेबी नंदा म्हणून ती लहानपणीच कामे करू लागली आणि भावंडांचा संसार तिने खांद्यावर घेतला. १९५६ मध्ये शांतारामांच्या 'तूफान और दिया'मध्ये ती बहिणीच्या भूमिकेत दिसली. मग 'भाभी', 'छोटी बहन', 'हम दोनों', 'जब जब फूल खिले' आणि 'इत्तफाक' हे चित्रपट झाले. तिने स्वतःचा संसार कधी मांडला नाही. २५ मार्च २०१४ रोजी त्या गेल्या.

लतासुद्धा अविवाहित राहिल्या. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी त्या गेल्या, तेव्हा त्यांची नव्वदी उलटून गेली होती. ज्या दोन घरांतले कर्ते पुरुष एकेचाळिशीत उठून गेले, त्या दोन्ही घरांना लेकींनी तोलून धरले.

आता मी माझे कारण सांगतो. माझे वडील अडतिसाव्या वर्षी गेले. मी सहावीत होतो. वडिलांच्या कचेरीतले एक स्नेही आमच्या घराजवळच राहत; आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. त्यांचा पगार वडिलांपेक्षा कमीच होता. पण दर जूनमध्ये माझी शाळेची फी भरलेली असे आणि पुस्तके जुन्या वर्तमानपत्रात बांधून ओट्यावर ठेवलेली असत. आईने विचारले की ते हात हलवून विषय बदलीत. मी कॉलेजात असताना तेही गेले, पन्नाशीच्या आतच. मी त्यांचे आभार मानले नव्हते. पहिल्या पगारात त्यांना धोतरजोडी घ्यावयाची असे मनाशी ठरविले होते; पहिला पगार हाती येईपर्यंत अण्णा थांबले नाहीत. पुढे त्यांचे बिऱ्हाड येथून हलले आणि माझ्याकडून चौकशी राहून गेली. राहून गेली, असे म्हणतो. खरे म्हणजे मी ती केली नाही. ही टोचणी आज म्हातारपणीही गेलेली नाही.

म्हणून ते राखीचे गाणे लागले की मी ऐकत बसतो. दीनानाथांची लेक गाते आहे आणि विनायकांच्या लेकीच्या ओठांवर ते शब्द उमटत आहेत. दोनच वर्षांनी आलेल्या 'हम दोनों'मधल्या त्या भजनातही हेच दोघींचे मिळून एक रूप दिसते. ज्या मुलीला विनायकांनी आधार दिला, तिचा आवाज त्यांच्या पोरक्या मुलीस मिळाला आणि त्या आवाजाने नंदाचा चेहरा घराघरांत पोहोचविला. कोणी कोणाचे ऋण फेडावे म्हणून हे केले नव्हते. संगीतकारांनी गायिका निवडली, दिग्दर्शकांनी नटी निवडली. तरीही कोठेतरी एक खाते आपोआप बरोबर झाले, असे माझ्या मनाला वाटते.

आयुष्य थोडे असते, हे सर्वांनाच ठाऊक आहे. विनायकांच्या आयुष्याकडे पाहून मी शिकलो ते इतकेच की, थोड्या आयुष्यातही दुसऱ्यासाठी काही वर्षे काढून ठेवता येतात, आणि ती आपल्यामागून चालत राहतात. ज्यांच्या घरात आज असा एखादा अण्णा हयात असेल, त्यांनी पहिल्या पगाराची वाट पाहू नये. आज संध्याकाळीच त्यांच्याकडे जाऊन यावे.