कुंभाराच्या पोरासाठी स्वतःचा क्लब मोडणारे भारतीय फुटबॉलचे जनक

साल १८७७, कलकत्ता. आईसोबत गंगेवर निघालेल्या लहानग्या नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारीने गोऱ्या सैनिकांचा मैदानाबाहेर आलेला चेंडू लाथेने परत धाडला, अशी गोष्ट सांगतात. मग नादच लागला. हेअर स्कूलमधल्या पोरांची त्याने टीम उभी केली.

पुढे त्यांच्या वेलिंग्टन क्लबात कुंभाराच्या घरातल्या मणी दासला घ्यायला उच्चवर्णीय सभासदांनी विरोध केला. नगेंद्रप्रसादांनी मणीला सोडलं नाही. क्लबच मोडला आणि शोभाबाजार क्लब उभारला.

१८९२ साली ट्रेड्स कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत याच शोभाबाजारने ईस्ट सरे रेजिमेंटला २-१ ने हरवलं. मोहन बागानने आयएफए शील्ड जिंकली ती त्यानंतर १९ वर्षांनी!

१९४० साली नगेंद्रप्रसाद गेले.